इंजिनाचं खानदान ओळखा, मग पार्ट शोधा

 

आजचा विषय जरा काळा, तेलकट आहे. जुन्या ट्रकची डिझेल इंजिनं. जुनी म्हणजे ५०-६० वर्षांपूर्वीची. हायवेवर ती आता दिसत नाहीत. पण गावाकडे गेलात की एखाद्या गोठ्याच्या मागे, बंद पडलेल्या सॉ मिलच्या आवारात किंवा खडी क्रशरच्या कडेला लांब बॉनेटचा एखादा ट्रक उभा दिसतो. टायर बसलेले, केबिनमध्ये कोंबड्या. बहुतेक वेळा तो चालत नाही म्हणून उभा नसतो. एक पार्ट मिळाला नाही म्हणून उभा असतो. आणि मग एक दिवस भंगारवाला येतो, गॅस कटर लावतो आणि लोखंड किलोवर जातं.

मी पेशाने असली इंजिनं उघडणारा आणि परत बसवणारा माणूस. मला रोज एकाच प्रकारचा फोन येतो, आणि हल्ली तर तुमच्याच वयाच्या मुलांचा: "दादा, आजोबांचा ट्रक आहे. १२१० चा पिस्टन कुठे मिळेल?" मी विचारतो, "कुठला पिस्टन?" पलीकडे शांतता. आज मला एवढंच सांगायचंय की 'कुठे मिळेल' हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न 'कुठला हवा' हा, आणि त्याचं उत्तर दुकानात नसतं, इतिहासात असतं.

एका हायवेवर तीन घराणी

थोडं मागे जाऊ. १९५० च्या आसपास मुंबईत जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन्ही अमेरिकन कंपन्यांचे जुळणीचे कारखाने होते. पेट्यांतून सुटे भाग यायचे, इथे गाडी जोडली जायची. मग सरकारचं धोरण ठरलं: नुसती जुळणी नको, माल इथे बनवणार असाल तर राहा. १९५४ पर्यंत दोघांनीही गाशा गुंडाळला.

जे राहिले आणि जे नव्याने उतरले, त्यांनी परदेशी कंपन्यांकडून डिझाइन घेतलं. टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, ही १९४५ साली सुरू झाली ती रेल्वेची इंजिनं बनवायला. तिने १९५४ मध्ये जर्मनीच्या डायम्लर-बेंझशी १५ वर्षांचा करार केला. म्हणून १९६९ पर्यंतचे ट्रक 'टाटा-मर्सिडीज-बेंझ'. नाकावर तीन टोकांचा तारा. करार संपला, तारा गेला, टाटाचा 'टी' आला.

मद्रासला अशोक मोटर्स ही कंपनी १९४८ साली ऑस्टिन गाड्या जोडायला निघाली. १९५५ मध्ये ब्रिटनच्या लेलँडशी हात मिळवून ती अशोक लेलँड झाली आणि रस्त्यावर 'कॉमेट' आला.

तिसरं घराणं आपल्या मुंबईचं. वालचंद हिराचंद यांची १९४४ ची प्रीमियर ऑटोमोबाइल्स, कारखाना कुर्ल्याला. तिथे अमेरिकेच्या क्रायस्लरच्या परवान्याने डॉज आणि फार्गोचे ट्रक बनले. पण डिझेल इंजिन मात्र ब्रिटनच्या पर्किन्सचं, आणि ते इथे बनवायची मद्रासची सिंपसन. म्हणजे अंग अमेरिकन, काळीज इंग्रज, जन्म कुर्ल्याचा.

हे सगळं नुसती माहिती म्हणून सांगत नाहीये. जर्मन इंजिन मिलिमीटरमध्ये बोलतं. ब्रिटिश इंजिन इंचात. लेलँडच्या बोल्टला मिलिमीटरचा पाना लावलात की डोकं गोल झालंच. क्रँकचं बेअरिंग घेताना जर्मन घराण्यात ०.२५, ०.५० मिलिमीटर अशा पायऱ्या असतात. ब्रिटिश घराण्यात १० थाऊ, २० थाऊ. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दुकानदार विचारतो, "किती अंडरसाइज?" तेव्हा घराणं माहीत नसेल तर तुम्ही काहीही सांगाल आणि तो काहीही देईल.

आकडा वाचायला शिका

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. जुन्या इंजिनांची नावं म्हणजे बाळाचं बारसं केलेलं नसतं. नाव म्हणजे माप असतं.

टाटाचं ६९२ घ्या. पहिला आकडा ६, म्हणजे सहा सिलिंडर. पुढचे ९२, म्हणजे बोअर ९२ मिलिमीटर. ६९७ म्हणजे सहा सिलिंडर, ९७ चा बोअर. ४०७ टेम्पोतलं ४९७ म्हणजे चार सिलिंडर, ९७ चा बोअर. बघा, नाव ऐकलं की व्हर्नियर न लावता अर्धं माप हातात.

पर्किन्सचं जुनं पी-६. इथे ६ म्हणजे सिलिंडर. हे इंजिन १९३७ चं डिझाइन. बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक पाच इंच, एकूण ४.७३ लिटर. नंतर पर्किन्सने पद्धत बदलली. ६.३५४ म्हणजे सहा सिलिंडर आणि ३५४ घनइंच.

लेलँडचा हिशोब आणखी वेगळा. कॉमेटच्या इंजिनाचं ३५० म्हणजे बोअर नाही, सिलिंडर नाही, साधारण ३५० घनइंच, म्हणजे सुमारे ५.७ लिटर.

आणि १२१०? ते इंजिनाचं नाव नाहीच, गाडीचं आहे. मालासकट एकूण वजन १२ टन आणि ताकद १०० हॉर्सपॉवरच्या आसपास. म्हणून '१२१० चा पिस्टन' हा प्रश्न 'पुण्याच्या माणसाचा चष्मा द्या' यासारखा आहे. माणूस कोण, नंबर काय?

फलटणकडचा ट्रक

याच गोंधळाचं एक उदाहरण सांगतो. फलटणकडच्या एका आजोबांचा ट्रक माझ्याकडे आला. स्वतः चालवलेला, त्याच्यावर तीन मुलींची लग्नं केलेली. ते म्हणाले १२१०, नातू म्हणाला १२१०, गावही म्हणतं १२१०, कारण आमच्याकडे लांब नाकाच्या प्रत्येक टाटाला १२१० च म्हणतात. बोनेटवर तारा होता. पण ताऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, तो बाजारात वेगळाही मिळतो. हेड उतरवलं आणि बोअर मोजला. झीज धरून मूळ माप ९० आलं. म्हणजे ६९२ नव्हेच. हे त्याच्या वडिलांच्या पिढीचं, मर्सिडीजचं ओएम ३१२: बोअर ९०, स्ट्रोक १२०, सहा सिलिंडर मिळून ४५८० सीसी.

मी मोजमाप करेपर्यंत नातवाने एका मार्केटमधून पिस्टनचा सेट आणलाही होता. दुकानदाराने '१२१० चा' म्हणून दिलेला. ९२ चा. आणि सल्लाही फुकट दिला होता: "बोअर ९२ ला मारून घ्या, बसून जाईल."

बसला असता. पण गाडी चालली नसती. का, ते नीट ऐका, कारण जुन्या डिझेलमधला सगळ्यात मोठा फरक इथे आहे.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. हवा इतकी दाबायची की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारायचा. हा फवारा कुठे मारायचा, यावरून दोन जाती पडतात. एका जातीत हेडमध्ये छोटी कोठडी असते. डिझेल तिथे पेटतं आणि ज्वाळा भोकांतून पिस्टनवर येते. याला प्रीचेंबर म्हणतात. दुसऱ्या जातीत कोठडी नाही. पिस्टनच्याच डोक्यावर वाटी कोरलेली असते आणि फवारा थेट त्या वाटीत. हे डायरेक्ट इंजेक्शन, मेकॅनिकच्या भाषेत 'डीआय'.

आजोबांचं इंजिन प्रीचेंबरचं. आणलेले पिस्टन वाटीवाले, डीआयचे. आता विचार करा: हवा दाबून जिथे गोळा करायची ती जागा हेडमध्ये आहेच. त्यात पिस्टनमध्ये आणखी एक वाटी. जागा वाढली की दाब घटला. प्रीचेंबर इंजिनात हवा साधारण १९-२० पट दाबली जाते. ती निम्म्यावर आली तर हवा तापतच नाही. सेल्फ मारत बसा, बॅटरी उतरेल, पांढरा धूर येईल, इंजिन उचलणार नाही. आणि बोअर एकदा ९२ ला मारला की मूळ ब्लॉक कायमचा गेला. तो ब्लॉक आता कुठल्याच कारखान्यात बनत नाही.

हे घरबसल्या ओळखायची खूण सांगतो. त्या काळच्या ट्रक इंजिनात हेडवर प्रत्येक सिलिंडरला एक ग्लो प्लग, म्हणजे हीटर, दिसला की समजा कोठडी आहे. पिस्टनच्या डोक्यावर खोल वाटी दिसली की समजा डीआय. दोन्ही एकत्र दिसले तर मध्ये कोणीतरी हात मारलाय.

पुढे काय झालं? ९० चे चार पिस्टन कराडकडच्या एका बंद होत चाललेल्या स्पेअरच्या दुकानात, वरच्या फळीवर, खोक्यासकट सापडले. उरलेले दोन एका क्रशरवर. ट्रक भंगारात गेला की त्याचं इंजिन पाण्याच्या पंपावर, क्रशरवर, बोअरवेलच्या गाडीवर जातं, हे लक्षात ठेवा. ते दोन वापरलेले होते, म्हणून रिंगच्या खाचांची झीज फीलर गेजने मोजली. मग सहाही पिस्टन गावातल्या सोनाराच्या काट्यावर तोलले, कारण वजनात फरक राहिला तर इंजिन थरथरतं. जड होते त्यांना आतल्या बाजूने थोडं घासून बरोबरीत आणलं. लायनर बसवून कोल्हापूरला ९० च्या मापाला फिनिश करून घेतले. सगळं धरून पाच महिने गेले.

इंजिन सुरू झालं तेव्हा आजोबा काही बोलले नाहीत. बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले आणि मग म्हणाले, "तीन नंबरचा टॅपेट वाजतोय." खरंच वाजत होता.

पंपावरची पाटी

डिझेल इंजिनाचा शोध रुडॉल्फ डिझेल यांचा. त्यांचं यशस्वी इंजिन १८९७ चं. पण ते खोलीएवढं धूड होतं. ते ट्रकमध्ये मावायला आणखी २५-३० वर्षं गेली, आणि त्यात मोठा वाटा बॉशच्या फ्युएल पंपाचा. १९२७ पासून तो कारखान्यात ओळीने बनू लागला. भारतात बॉशची कंपनी १९५१ साली बंगळूरला आली, मायको नावाने. जुना मेकॅनिक आजही पंपाला 'मायको' म्हणतो, ते यामुळे.

पंपाच्या अंगावर पितळेची किंवा ॲल्युमिनियमची छोटी पाटी असते. तिच्यावर रंग चढवू नका, ती घासू नका. केरोसिनच्या फडक्याने हलकेच पुसा आणि फोनचा टॉर्च तिरका धरून फोटो काढा. 'पीईएस ६ए' अशी सुरुवात असेल तर त्यातला ६ म्हणजे सहा सिलिंडरचा पंप आणि 'ए' म्हणजे पंपाचा आकार. पुढचा आकडा आतल्या प्लंजरची जाडी सांगतो. ८० म्हणजे ८ मिलिमीटर, ८५ म्हणजे साडेआठ.

नोझलवरही असंच. 'डीएन' ने सुरू होणारी नोझल म्हणजे पिनवाली, ती कोठडीच्या इंजिनाची. 'डीएलएलए' म्हणजे भोकांची, ती डीआयची. 'डीएलएलए १५० एस' मधला १५० म्हणजे फवाऱ्याचा कोन. म्हणजे हेड न उतरवता, एक नोझल बाहेर काढूनही जात कळते.

एक धोका सांगून ठेवतो. नोझल टेस्ट करताना फवाऱ्यासमोर बोट धरू नका. तो फवारा कातडी फोडून आत जातो. वरून टोचल्यासारखं दिसतं, पण आत डिझेल पसरतं आणि बोट जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते. असं झालं तर घरी हळद लावत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल.

मग शोधायचं कुठे?

आता कुठला हवा ते कळलं. आता कुठे.

पहिलं ठिकाण, आपला बाजार. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरचे गाडीतोडणीवाले. पुण्यात जुना बाजार, रविवारी आणि बुधवारी. तिथे अख्खं इंजिन क्वचित, पण नोझल होल्डर, गेज, हत्यारं, जुनी पार्ट कॅटलॉग पुस्तकं मिळतात. कॅटलॉग दिसलं तर किंमत करत बसू नका, घ्या. पार्टपेक्षा ते दुर्मीळ आहे. आणि तालुक्याच्या गावातली जुनी स्पेअरची दुकानं. दुकानदाराला "जुना माल आहे का" विचारू नका, तो नाही म्हणेल. मोजलेलं माप आणि खराब झालेला पार्ट हातात घेऊन जा. काउंटरवर ठेवा. म्हातारे मालक तो उचलून फिरवतात आणि मग माळ्यावर मुलाला पाठवतात.

दुसरं ठिकाण, इंजिनाचे भाऊबंद. पर्किन्सच्या पी-६ ला तीन सिलिंडरचा पी-३ आणि चार सिलिंडरचा पी-४ असे भाऊ आहेत. बोअर तोच साडेतीन इंच, स्ट्रोक तोच पाच. म्हणजे ट्रकचा पिस्टन ट्रॅक्टरच्या, कॉम्प्रेसरच्या, जनरेटरच्या दुकानात सापडू शकतो. फक्त 'ट्रक' हा शब्द सोडा आणि माप सांगा.

तिसरं, परदेशातले चुलते. मर्सिडीजचा तोच एल-३१२ ट्रक १९५६ पासून ब्राझीलमध्येही बनला. म्हणजे गॅस्केट, ऑइल सील, व्हाल्व्ह शोधताना फोनवर फक्त 'टाटा' टाइप करू नका. 'ओएम ३१२' टाका, जर्मनी आणि ब्राझील दोन्ही दिसतील. पी-६ साठी इंग्लंड. पण पैसे पाठवण्याआधी माप मागा. चुलत भाऊ असला तरी शर्ट बसेलच असं नाही. इथे बनताना काही भाग बदलले गेले.

चौथं, बनवून घेणं. कोल्हापूरचं शिवाजी उद्यमनगर आणि शेजारच्या फाउंड्र्या, गुजरातेत राजकोट. ऑइल इंजिनांच्या कामाची तिथे पिढ्यान्पिढ्यांची सवय आहे. बुश, गाइड, वॉटर पंपाचा शाफ्ट, मॅनिफोल्ड, गॅस्केट, हे बनतं. क्रँक ग्राइंडिंग होतं, लायनर बसतात. पण पंपाचा प्लंजर आणि नोझल लेथवर बनवायच्या फंदात पडू नका. तिथली फट मायक्रॉनमध्ये असते. ते जुना साठा शोधूनच.

दोन सूचना. जुन्या हेड गॅस्केटमध्ये, एक्झॉस्टच्या पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ते कोरडं घासू नका, वायर ब्रश मारू नका. ओलं करा, चांगला मास्क लावा, पिशवीत बांधा. ती धूळ फुप्फुसात राहते. आणि अख्खं इंजिन विकत घेत असाल तर नंबर घासलेलं घेऊ नका, बिलाशिवाय घेऊ नका. बदललेल्या इंजिनाची नोंद आरटीओत करावी लागते.

घाई कशाची?

काही जण म्हणतात, दादा, एवढा खटाटोप कशाला? लोखंडच तर आहे.

बघा, केंद्र सरकारने २०२१ मध्ये विंटेज गाड्यांसाठी नियम केले. ५० वर्षांहून जुन्या गाडीला वेगळी नोंदणी, वेगळा नंबर. चांगली गोष्ट. पण ते नियम दुचाकींसाठी आणि प्रवासी चारचाकींसाठी आहेत. मालट्रक त्यात बसत नाही. म्हणजे एखाद्या संस्थानिकाची मोटार वारसा ठरते, आणि ज्या ट्रकने धरणांचं सिमेंट, साखर कारखान्यांचा ऊस, दुष्काळातली कडबा-पेंड वाहिली, तो कायद्याच्या नजरेत फक्त जुनं वाहन. त्याला जपायचं असेल तर ते आपल्यालाच, अंगणात, शेडमध्ये, करावं लागणार.

आणि लोखंडापेक्षा घाई माणसांची आहे. कुठल्या इंजिनात कुठला पार्ट चालतो, हे पुस्तकात अर्धंच आहे. उरलेलं अर्धं आता सत्तरी-ऐंशीत असलेल्या मिस्त्रींच्या डोक्यात आहे. फार्गोत पी-६ बसवताना माउंटिंग कसं बदलायचं, कुठल्या कंपनीचा वॉटर पंप थोडी फाइल मारली की लेलँडला बसतो, हे त्यांनी कधी लिहून ठेवलं नाही. कोणी विचारलंच नाही.

म्हणून तुमच्या हातातल्या फोनला या आठवड्यात एक काम द्या. गावात जुना ट्रक असेल तर इंजिन नंबर, पंपाची पाटी, नोझलची अक्षरं आणि हेडची बाजू, असे चार फोटो काढून ठेवा. आणि जवळच्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे जा, चहा मागवा, रेकॉर्डर सुरू करा. पहिला प्रश्न इतिहासाचा विचारू नका, ते संकोचतात. विचारा, "काका, तुम्ही उघडलेलं सगळ्यात त्रासदायक इंजिन कुठलं?" मग गप्प बसा. पुढचा तासभर तेच बोलतील.

रेकॉर्डिंग आमच्याकडे पाठवा, पण आधी काकांची परवानगी घ्या. पुढच्या भागात त्यातलीच काही ऐकवू. तोवर भेटू, आणि सेल्फ मारण्याआधी हीटर तापू द्या. नमस्कार.